मोटारीचा ताप आणि पाण्याचा हिशेब

वैशाखांतल्या ऐन दुपारीं एखादी मोटार रस्त्याच्या कडेला उभी असावी, तिचें पुढचें झांकण उघडें टाकलेलें असावें आणि आंतून वाफेचे लोट निघत असावेत, हें दृश्य आमच्या वाचकांपैकीं कोणास अपरिचित असेल असें वाटत नाहीं. अशा वेळीं भोंवतीं जमलेल्या मंडळींचा निकाल ठरलेला असतो : ‘पाणी कमी झालें, पाणी ओता.’ पाणी ओतलें जातें, गाडी निघते आणि निकाल बरोबर होता अशी सर्वांची समजूत होते. परंतु दहा मैलांवर तीच गाडी पुन्हां तशीच उभी राहते, तेव्हां खरा प्रश्न कोणीं विचारलाच नव्हता हें उघड होतें. पाणी गेलें म्हणून इंजिन तापलें, कीं इंजिन तापलें म्हणून पाणी गेलें? वरवर पाहतां हा शब्दांचा खेळ वाटेल. पण इंजिनाचें आयुष्य या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतें. कारण पहिल्या पक्षीं रोग गळतीचा आहे, दुसऱ्या पक्षीं रोग निराळाच असून गळती हें त्याचें केवळ लक्षण आहे. आणि दोहोंचा उपाय एक नाहीं.

हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. प्रस्तुत लेखांत त्याचा इतिहास सांगण्याचा विचार आहे, आणि तो भंडारा जिल्ह्याच्या भूमीवरून सांगावा असें आम्हांस वाटतें. त्यास कारण आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. १९९९ सालीं त्याचा कांहीं भाग तोडून गोंदिया जिल्हा निराळा झाला. त्यापूर्वींच्या जुन्या भंडाऱ्यांत नवेगांवबांधासारखीं मोठीं जलाशयें होतीं, आणि लहान तलावांची तर गणतीच नव्हती. हे तलाव बांधणारे लोक म्हणजे कोहळी. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील ग्रंथ १९१६ सालीं प्रसिद्ध झाला; त्यांतहि वैनगंगेच्या खोऱ्यांतील मोठमोठ्या तलावांचें श्रेय कोहळ्यांस दिलेलें आहे. नवेगांवचा तलाव कोलू पाटील कोहळी यानें बांधला असें परंपरा सांगते. धान आणि ऊंस पिकवावयाचा, तर पावसाळ्यांतलें पाणी पुढें पुरवलें पाहिजे. आणि पाणी पुरवावयाचें, तर तें कोणत्या वाटेनें जातें हें ओळखलें पाहिजे. उन्हानें किती उडालें, पाळीखालून किती झिरपलें, सांडव्यावरून किती गेलें आणि पाटानें शेतांस किती मिळालें, हा पाण्याचा हिशेब म्हणजेच तलाव राखण्याची विद्या.

दुसरी विद्या पितळेची. जिल्ह्याच्या नांवाचा संबंधच पितळेशीं जोडण्यांत येतो. ‘भाणा’ म्हणजे पितळी ताट; त्यावरून ‘भाणारा’ आणि त्याचें पुढें ‘भंडारा’ झालें अशी एक व्युत्पत्ति सांगतात. व्युत्पत्तीचा वाद पंडितांनीं मिटवावा. परंतु भंडारा शहराचा पितळी भांड्यांचा धंदा जुना व नांवाजलेला होता, यांत वाद नाहीं. धातूचा पत्रा ठोकून भांडें करणें, सांधा जोडणें, भांडें झिरपूं लागलें म्हणजे तें पाण्यानें भरून ओल कोठें फुटते तें पाहणें आणि तेथें डाख देणें, हें कासाराच्या घरीं मुलास लहानपणींच अवगत होई. पाणी राखण्याची आणि पितळ घडविण्याची अशा दोन विद्या ज्या भूमींत नांदल्या, तेथें मोटार आली ती पाण्यानें भरलेली पितळी पेटी पुढें लावूनच. त्या पेटीला आपण रेडिएटर म्हणतों.

इंजिनास पाणी लागतें कशाला, हें आधीं पाहिलें पाहिजे. सिलिंडरांत जळणाऱ्या वायूचें तपमान क्षणमात्र २००० अंश सेंटिग्रेडच्या घरांत जातें. या उष्णतेचा ढोबळ मानानें तिसरा हिस्साच काय तो चाकांच्या उपयोगी पडतो, तोहि इंजिन उत्तम असेल तर. दुसरा एक हिस्सा धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला सिलिंडरच्या भिंतींत शिरतो. या भिंतींतली उष्णता सतत काढून नेली नाहीं, तर तेलाचा पातळ थर जळून जाईल, दट्ट्या फुगून सिलिंडरांत अडकेल आणि धातु वांकडी होईल. म्हणजे पाणी हें इंजिनाचें खाद्य नव्हे. तें केवळ ओझें वाहणारें हमाल आहे. भट्टीपाशीं उष्णता उचलावयाची, वाऱ्यावर नेऊन टाकावयाची आणि रिकाम्या हातानें परत यावयाचें, एवढेंच त्याचें काम. हमाल कमी पडले तर माल साठतो हें खरें. परंतु हमाल पुरेसे असूनहि वाट अडली तरी माल साठतोच. वर सांगितलेले दोन पक्ष हेच.

पहिल्या मोटारीपुढें हा प्रश्न उभाच राहिला नव्हता, कारण तिच्यांत पाणी उडून जावें हीच योजना होती. कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं आपल्या तीनचाकी गाडीचें पेटंट घेतलें. तिच्या सिलिंडरभोंवतींचें पाणी उकळे आणि वाफ होऊन निघून जाई. योजना दिसते तितकी अडाणी नाहीं. एक ग्रॅम पाणी एक अंशानें तापविण्यास एक कॅलरी पुरते, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास सुमारें ५४० कॅलरी लागतात. म्हणजे वाफ होणारें पाणी पुष्कळच उष्णता घेऊन जातें. अडचण एवढीच कीं पाणी सारखें भरीत राहावें लागे. १८८८ च्या ऑगस्टमध्यें बेंझची पत्नी बेर्था ही आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंतचा, शंभर किलोमीटरांहून अधिक अंतराचा प्रवास या गाडींतून करून आली. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्या प्रवासांत बेर्थाबाईंस वाटेंत जेथें मिळेल तेथून पाणी घेऊन गाडीची तहान भागवावी लागली. तिच्या बाबतींत ‘पाणी ओता’ हा निकाल अगदीं बरोबर होता. आजचा रस्त्यावरील निकाल त्या काळचा आहे. गाडी मात्र त्या काळची राहिलेली नाहीं.

हा बदल घडवून आणला तो विल्हेल्म मायबाख यानें. १९०० सालच्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडिस गाडीला त्यानें मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला. त्यांत सहा सहा मिलिमीटर रुंदीच्या ८०७० बारीक नळ्या होत्या. नळ्यांतून वारा वाहे, नळ्यांभोंवतीं पाणी खेळे, आणि मागें पंखा असल्यामुळें गाडी सावकाश चालली तरी वारा कमी पडत नसे. तेंच पाणी पुन्हां पुन्हां थंड होऊन कामास येऊं लागलें, त्यामुळें पूर्वींच्या निम्म्या पाण्यांत काम भागलें. येथपासून ‘पाणी संपणें’ ही नित्याची गोष्ट न राहतां दोषाची खूण झाली. यानंतर ज्या गाडींत पाणी वारंवार कमी होतें, त्या गाडींत कांहीं तरी बिघडलेलें आहे असेंच समजलें पाहिजे.

फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीनें, जी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती, या विद्येला आणखी एक धडा जोडला. आरंभींच्या कांहीं गाड्या सोडल्या तर तिच्यांत पाण्याचा पंपच नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढे, वरच्या नळीनें रेडिएटरांत जाई, तेथें थंड व जड होऊन खालीं उतरे आणि खालच्या नळीनें पुन्हां इंजिनांत येई. रचना सुरेख खरी, पण तिची एक अट होती : पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखालीं जातां कामा नये. ती गेली कीं फेरा तुटे. आणि मग खालीं भरपूर पाणी असूनहि इंजिन तापे, तापल्यानें पाणी उकळे, उकळल्यानें पातळी आणखी खालीं जाई. गळती आणि ताप यांची सांगड कशी पडते, थोडें कारण मोठें कार्य कसें घडवितें आणि अखेरीस कार्य व कारण यांचें कडें कसें जुळतें, हें या साध्या गाडींत स्पष्ट दिसे.

आतां भंडाऱ्याच्या रस्त्याकडे वळूं. नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी यांवरून रायपूरकडे जाणारा मार्ग इंग्रजी अमदानींत ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ या नांवानें ओळखला जाई. आजचा राष्ट्रीय महामार्ग ५३ त्याच वाटेनें जातो. पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानांत अमेरिकी गाड्यांची आवक वाढली आणि अशा रस्त्यांवर मोटारी रुळूं लागल्या. त्या गाड्यांचे रेडिएटर थंड हवेच्या देशांत आंखलेले असत. आमच्याकडे मे महिन्यांत दुपारची हवा ४५ अंशांवर जाते. रेडिएटर किती उष्णता टाकूं शकेल हें पाणी आणि हवा यांच्या तपमानांतील अंतरावर ठरतें. पाणी १०० अंशांवर उकळतें असें धरलें, तर हिंवाळ्यांतील पहांटे १५ अंशांच्या हवेंत हें अंतर ८५ अंशांचें असतें आणि मेच्या दुपारीं तें ५५ अंशांवर येतें. म्हणजे तोच रेडिएटर, तेंच पाणी आणि तोच पंखा असतांहि उन्हाळ्यांत त्याची ताकद जवळ जवळ एक तृतीयांशानें घटते. हिंवाळ्यांत जो दोष झांकून राहतो तो उन्हाळा उघडा करतो, एवढाच याचा अर्थ. ‘ऊन फार आहे म्हणून गाडी तापली’ असें म्हणणें म्हणजे भेग पाळींत असतां तलाव फुटल्याचा दोष पावसाला देणें होय.

आणि अशा वेळीं ओतावयाचें पाणी कोणतें? हाताशीं असेल तें. तलावाचें, बोडीचें, विहिरीचें. यांतूनच एक दुष्टचक्र सुरू होतें. गढूळ पाण्याबरोबर गाळ जातो, विहिरीच्या जड पाण्याबरोबर क्षार जातात, आणि उकळल्यावर पाणी उडालें तरी गाळ व क्षार मागें राहतात. रेडिएटरच्या बारीक नळ्या हळूहळू बुजतात. लोखंडी इंजिनाचा गंज त्यांत भर घालतो. मग वाहणारें पाणी कमी होतें, इंजिन अधिक तापतें, अधिक पाणी उडतें आणि अधिक गढूळ पाणी ओतलें जातें. औषधच रोगाला खतपाणी घालूं लागतें. शिवाय तापलेल्या लोखंडावर एकदम थार पाणी पडलें म्हणजे हेडला तडा जाण्याचा धोका असतोच. ज्या तलावांत गाळ बसत गेला तो भरलेला दिसला तरी त्यांत पाणी थोडें असतें. तसाच गाळ बसलेला रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला दिसूनहि काम देत नाहीं.

पुढील तीस-चाळीस वर्षांत या व्यवस्थेंत चार सुधारणा झाल्या, आणि प्रत्येकीनें दोष ओळखण्याचें काम कांहींसें सोपें व कांहींसें अवघड केलें. पहिली तपमापकाची. १९१२ च्या सुमारास रेडिएटरच्या टोपणावर बसविण्याचा ‘बॉईस मोटोमीटर’ निघाला. चालकास बसल्या जागेवरून ताप दिसूं लागला. दुसरी थर्मोस्टॅटची. ही एक आपोआप उघडणारी झडप असून इंजिन गरम होईपर्यंत ती रेडिएटरची वाट बंद ठेवते. पुष्कळ गाड्यांत ती ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडते. तिसरी दाबाच्या टोपणाची. बंद भांड्यांत दाब वाढला म्हणजे पाणी उशिरां उकळतें. वातावरणाइतकाच आणखी एक दाब दिला तर साधें पाणीहि १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. चौथी सुधारणा म्हणजे पाण्यांत इथिलीन ग्लायकोल मिसळण्याची. आज ज्याला आपण कूलंट म्हणतों तें बहुधा हें मिश्रणच. तें थंडींत गोठत नाहीं, उशिरां उकळतें आणि त्यांतील औषधांमुळें गंज धरत नाहीं. मात्र ग्लायकोल चवीला गोडसर व अत्यंत विषारी आहे. जमिनीवर सांडलेलें कूलंट मुलें व जनावरें यांच्यापासून दूर ठेवावें, हें प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

दाबाच्या टोपणामुळें पाणी अधिक उष्णता सोसूं लागलें, पण गळतीचा स्वभाव बदलला. पूर्वीं भेग असेल तर पाणी सदा ठिबके. आतां पुष्कळदां इंजिन तापून दाब चढल्यावरच तें ठिबकतें आणि गाडी थंड झाली कीं भेग कोरडी दिसते. शिवाय तापल्या इंजिनाचें टोपण उघडणें हें साहस झालें. शंभर अंशांवर असूनहि दाबाखालीं शांत असलेलें पाणी टोपण निघतांच एकदम उकळून उसळतें आणि हात-तोंड भाजतें. म्हणून पहिला नियम हा कीं इंजिन थंड होईपर्यंत टोपणास हात लावूं नये. आणि दुसरा हा कीं निदान थंड इंजिनावरच करावें. सकाळीं गाडी हलविण्यापूर्वीं पातळीची खूण करून ठेवावी, दिवसभर किती मैल चाललें तें टिपावें, दुसऱ्या सकाळीं पुन्हां पाहावें. पाण्याचा हिशेब येथूनच सुरू होतो. पातळी मुळींच उतरत नसेल, तर गळती शोधण्यांत वेळ दवडूं नये. ताप इतर कारणानें आहे. पातळी उतरत असेल, तर पाणी बाहेर जातें कीं आंत, एवढाच प्रश्न उरतो.

बाहेरची गळती डोळ्यांस दिसते, मात्र पाहणाराला धीर हवा. रबरी नळ्या जेथें आवळलेल्या असतात तेथें, रेडिएटरच्या सांध्यांवर, आणि वॉटर पंपाच्या आंसाखालीं जें बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेलें असतें तेथें पाहावें; त्या छिद्रांतून पाणी येऊं लागलें म्हणजे पंपाचें सील गेलें असें समजावें. ओल वाळून गेली तरी पांढरट, हिरवट किंवा तांबूस डाग मागें राहतो, आणि तो डाग पाण्याची वाट दाखवितो. गाडींत हीटर असेल आणि पायाखालची सतरंजी ओली लागत असेल किंवा कांचेवर चिकट धुकें धरून गोडसर वास येत असेल, तर गळती हीटरच्या लहान रेडिएटरांत आहे. तरीहि कांहीं न सांपडल्यास हातपंपानें थंड व्यवस्थेंत टोपणावर लिहिलेल्या मर्यादेइतकाच दाब भरून काटा उतरतो कीं काय तें पाहतात. भांडें पाण्यानें भरून ओल कोठें फुटते तें पाहणाऱ्या कासाराची ही युक्ति आहे, फरक दाबाचा.

टोपणाकडे तर बहुतेकांचें लक्षच जात नाहीं. त्याची कमान ढिली झाली तर दाब टिकत नाहीं, पाणी लवकर उकळतें आणि बाजूच्या बाटलींतून बाहेर पडतें. येथें भेग कोठेंच नसून पाणी जातें. उलट त्याची दुसरी लहान झडप अडकली, तर थंड होतांना बाटलींतील पाणी रेडिएटरांत परत ओढलें जात नाहीं. मग बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा असतो. केवळ बाटलीकडे पाहून समाधान मानणाऱ्या गृहस्थांनीं हें विशेष ध्यानांत धरावें.

आंतली गळती अधिक घातक. सिलिंडरचा साठा आणि त्यावरील हेड यांमध्यें गास्केट असतें. तें जळलें किंवा हेड वांकडें झालें म्हणजे पाणी सिलिंडरांत किंवा तेलांत शिरतें. जमिनीवर एक थेंबहि सांडत नाहीं आणि तरी पाणी नाहींसें होतें. अशा वेळीं चार खुणा पाहाव्या : थंड इंजिन टोपण काढून सुरू करतांच पाण्यांतून सतत बुडबुडे येणें, इंजिन चांगलें गरम झाल्यावरहि पांढरा, ओलसर धूर न थांबणें, तेल दुधट होऊन त्यास साय धरणें, आणि अनेक स्पार्क प्लगांपैकीं एकच वाफेनें धुतल्यासारखा स्वच्छ दिसणें. निर्णायक परीक्षा रसायनाची आहे. रेडिएटरच्या तोंडावरील हवा एका निळ्या द्रवांतून ओढून घेतात. जळालेला वायु पाण्यांत शिरत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. मातीच्या पाळीच्या पायथ्याशीं झिरपणारें पाणी नितळ असेल तर फारशी चिंता नसते, पण तें गढूळ येऊं लागलें म्हणजे पाळ आंतून खचत आहे असें जाणते लोक ओळखतात. पाणी किती गेलें याबरोबर तें जातांना काय घेऊन गेलें हेंहि पाहावयाचें असतें.

आतां दुसरा पक्ष : पाणी पुरेसें आहे आणि तरी इंजिन तापतें. येथें केव्हां तापतें हा प्रश्न पहिला. बाजारांत, रेल्वेच्या फाटकापाशीं, गाडी उभी असतां ताप चढत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर उतरत असेल, तर वारा कमी पडतो आहे. पंखा, त्याचा पट्टा, आणि विजेचा पंखा असल्यास त्याचा फ्यूज व स्विच पाहावा. उलट गांवांत ठीक असून महामार्गावर वेगानें जातांना किंवा चढावर ताप चढत असेल, तर पाण्याचा फेरा अपुरा आहे. रेडिएटर बुजलेला, पंपाचीं पातीं झिजलेलीं, अथवा खालची नळी ओढीनें चपटी होत असलेली असेल. इंजिन सुरू करून थोड्याच वेळांत ताप चढला आणि वरची नळी थंडच राहिली, तर थर्मोस्टॅट मिटलेला राहिला आहे. तो काढून पातेल्यांतील पाण्यांत तपमापकासह तापवावा, म्हणजे उघडतो कीं नाहीं तें स्वयंपाकघरांतहि ठरवितां येतें. पुष्कळ कारागीर तो कायमचा काढून टाकतात. त्यानें एका रोगाची लक्षणें दबतात, पण इंजिन योग्य तपमानास उशिरां पोंचतें व पेट्रोल वाया जातें. याशिवाय ठिणगी उशिरां पडणें, चाकांस ब्रेक घासत राहणें, तेल कमी असणें, हींहि तापाचीं कारणें आहेत. आणि त्यांचा पाण्याशीं कांहीं संबंध नाहीं.

एका फसवणुकीचा उल्लेख येथें केला पाहिजे. तपमापकाची टोंकाची बोंडी पाण्यांत बुडालेली असेल तरच तिचें सांगणें खरें. पाणी पार उतरून बोंडी हवेंत उघडी पडली, तर इंजिन जळत असतांहि कांटा खालीं येऊं शकतो. म्हणून चढलेला कांटा कारणाशिवाय एकदम पडला तर तें आरोग्याचें चिन्ह समजूं नये, गाडी थांबवावी.

धातूहि बदलल्या. पितळ-तांब्याचा रेडिएटर होता तोंवर डाख देणारा कोणीहि कुशल कारागीर तो दुरुस्त करूं शके. ही विद्या भांडीं करणाराच्या विद्येहून निराळी नव्हती. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० रस्त्यावर आली आणि विजेच्या पंख्याच्या लहान गाड्या मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोंचल्या. पुढें अल्युमिनियमची जाळी आणि तिच्या टोंकांस प्लॅस्टिकच्या टाक्या असे रेडिएटर सर्रास झाले. ते हलके आणि स्वस्त असतात. पण प्लॅस्टिकला तडा गेला म्हणजे तेथें डाखाचा इलाज चालत नाहीं, भाग बदलावाच लागतो. भंडाऱ्याच्या पितळेचें या कामांतलें महत्त्व त्यामुळें संपलें असें म्हणावें लागतें. परंतु भांडें भरून ओल शोधण्याची जी नजर त्या धंद्यानें घडविली होती, तिची गरज संपलेली नाहीं. विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारींतहि बॅटरी थंड राखण्यासाठीं पुष्कळ ठिकाणीं द्रवच खेळविलेला असतो. तोहि गळेल, आणि गळेल तेव्हां हाच प्रश्न विचारावा लागेल.

तलावांचें पुढें काय झालें, हेंहि या इतिहासाचाच भाग समजावें. भंडारा त्या वेळीं मध्यप्रदेशांत होता. तेथील १९५० च्या कायद्यानें १९५१ पासून मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. आज त्यांस माजी मालगुजारी किंवा ‘मामा’ तलाव म्हणतात. मालगुजारी गेली याबद्दल शोक करण्याचें कारण नाहीं. कुळांच्या दृष्टीनें तें युक्तच झालें. पण तिच्याबरोबर तलावाचा वार्षिक हिशेब ठेवणारा, गाळ काढविणारा, पाळीवर माती टाकविणारा जो नेमका धनी होता तोहि गेला, आणि त्याची जागा पुष्कळ ठिकाणीं रिकामी राहिली. पावसाळा दर वर्षीं येऊन तलाव भरीत असे, म्हणून कोणास कमतरता चटकन् दिसली नाहीं. गाळ मात्र खालीं वाढत राहिला.

दर वर्षींचा पाऊस तलावाचे दोष झांकतो, आणि रोज ओतलेलें पाणी इंजिनाचे. भरणें म्हणजे दुरुस्त करणें नव्हे. ओतलेलें पाणी वेळ मिळवून देतें हा त्याचा खरा उपयोग, आणि संकटांत तो लहान नाहीं. परंतु मिळालेला वेळ प्रश्न विचारण्यांत खर्च झाला नाहीं, तर तें पाणी पुढच्या मोठ्या खर्चाचें विसार ठरतें. ज्या घरीं मोटार आहे त्यांनीं तिच्यांत एक लहान वही ठेवावी. पाणी केव्हां ओतलें, किती ओतलें आणि त्यानंतर किती मैल चाललें, एवढें तींत लिहावें. त्या वहींतील चार ओळी कारागिराला जें सांगतील तें वाफेचा मोठ्यांत मोठा लोटहि सांगूं शकणार नाहीं.